एक कोस वेठीचा, एक कोस आपला



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही 'ख्रिस्ती प्रीती आणि त्रासदायक माणसे' असे सांगितले. चिटणीस क्षणभर थांबले आणि म्हणाले, "विषय उत्तम आहे. फक्त आमच्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा उल्लेख करू नका म्हणजे झाले." ते बिऱ्हाड आमच्या परिचयाचे नाही. परंतु चिटणिसांच्या या एका वाक्याने आमचे अर्धे काम झाले. प्रत्येकाच्या वर, खाली किंवा शेजारी असे एक बिऱ्हाड असतेच.

शत्रूवर प्रीती करा, ही ख्रिस्ताची आज्ञा सर्वांना ऐकून ठाऊक आहे. ती ऐकताना माना डोलतात, कारण शत्रू म्हटला की डोळ्यांपुढे तलवार घेतलेला कोणी परका उभा राहतो, आणि असा शत्रू आपल्यापैकी बहुतेकांना जन्मात भेटत नाही. भेटतो तो वेगळाच. फाटकात मोटार आडवी लावून वर निघून जाणारा. पाण्याचा पंप आपली टाकी भरताच बंद करणारा. चार रेघांच्या चुकीसाठी अर्ज तिसऱ्यांदा परत पाठवणारा. लग्नात मानाच्या साडीवरून मांडवात तोंड फिरवून बसणारी नातलग. ही माणसे दुष्ट नसतात. दुष्ट असती तर सोपे झाले असते, पोलिसांत वर्दी देता आली असती. ही माणसे नुसती अवघड असतात, आणि मुख्य म्हणजे ती उद्याही तिथेच असणार असतात.

अशा माणसावर प्रीती करायची म्हणजे काय करायचे? त्याच्याविषयी मनात गोडवा उत्पन्न करायचा? तो तर होत नाही. ओढूनताणून केला तर तो खोटा, हे आपल्यालाही कळते आणि त्यालाही कळते. पुष्कळ भाविक माणसे इथेच अडतात. गोडवा वाटत नाही म्हणून स्वतःला पापी समजतात, किंवा वाटतो असे दाखवून ढोंगी होतात. आमच्या मते हा घोटाळा 'प्रीती' या शब्दाच्या चुकीच्या समजुतीतून झाला आहे.

नव्या करारातील प्रीतीविषयीचा सर्वांत प्रसिद्ध उतारा पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आहे. आज तो बहुधा लग्नात वाचतात. नवरानवरी एकमेकांकडे पाहून हसत असतात, आणि प्रीती सहनशील कशी असते हे ऐकत असतात. वस्तुतः ते पत्र कोणा प्रेमी जोडप्याला लिहिलेले नाही. करिंथ हे ग्रीस देशातील मोठे बंदराचे शहर. तिथल्या मंडळीत तट पडले होते. एकमेकांना कोर्टात खेचणे चालू होते. प्रभुभोजनाला श्रीमंत आधी येऊन खाऊन घेत, आणि दिवसभर राबून उशिरा येणारे उपाशी राहत. अशा भांडखोर, मानपानाच्या लोकांना पौलाने इसवी सनाच्या 55 च्या सुमारास हे पत्र लिहिले. म्हणजे तो उतारा मुळात अवघड माणसांनी अवघड माणसांशी कसे वागावे यासाठीच आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. प्रीती कशी असते हे आपल्या भाषांतरांत बरेचसे विशेषणांनी सांगितलेले असते. मूळ ग्रीकमध्ये मात्र तिथे विशेषणे नाहीत. चौथ्या ते सातव्या ओवीपर्यंत ओळीने पंधरा क्रियापदे आहेत. प्रीती काय करते आणि काय करीत नाही, एवढेच पौल सांगतो. तिला काय वाटते याची चौकशीही करीत नाही. त्यांपैकी एक क्रियापद हिशेबनिसाचे आहे: प्रीती झालेल्या वाइटाची खतावणी करीत नाही. सभेत व्यापारी मंडळी आहेत, त्यांना हे लगेच कळेल. नुकसान झाले नाही असे पौल म्हणत नाही. ते नुकसान समोरच्याच्या नावे रोज पुढे ओढू नका, एवढेच त्याचे म्हणणे.

हे आम्ही पुस्तकातून नंतर शिकलो. पाहिले त्याआधीच होते, आणि पाहत असताना आम्हांला ते मुळीच आवडले नव्हते.

आमचे घर तेव्हाच्या नगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. दोन खोल्या, पुढे पडवी. वडील शिक्षक होते. वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, गावी राहत असे. विधवा, मूलबाळ नाही, आणि जिभेला धार अशी की पाटावर बसलेला माणूस जेवण सोडून उठावा. आमच्या आईला तिने वीस वर्षे नावे ठेवली. आईची भाकरी जाड, आईचे माहेर दरिद्री, आईचे देवळातले गाणे बेसूर. इतके सोसण्यासारखे होते. परंतु आमची थोरली बहीण शाळान्त परीक्षा पास झाली आणि तिला परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला, तेव्हा आत्याने वडिलांचे कान भरले. रात्रपाळीच्या पोरी वाया जातात, असे तिने नाही नाही ते सांगितले. वडील बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हते. प्रवेश गेला. पुढे एक स्थळ जमत आले, तर तिथेही आत्याचा निरोप आधी जाऊन पोचला होता. दोन वर्षांनी आईने हातातली पाटली मोडली आणि ताईला शिकायला पाठवले. पण ती दोन वर्षे ताईला कोणी परत दिली नाहीत.

1972 चा दुष्काळ पडला. ज्यांना तो आठवतो त्यांच्यापुढे वर्णन करण्याची गरज नाही. गावोगाव विहिरी आटल्या, धडधाकट शेतकरी रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडू लागले, मुलांना सुकडी वाटली जाऊ लागली. आत्याच्या गावची विहीर कोरडी पडली, आणि एके दिवशी एस.टी.तून उतरून ती ट्रंक घेऊन आमच्या पडवीत येऊन बसली. तिला दुसरे जायला घर नव्हते. तेव्हा रेशनवर मायलो मिळे, ती तांबडी परदेशी ज्वारी. तिची भाकरी कोणालाच आवडत नसे. आत्याला मात्र वाटे की आई मुद्दाम तिच्यासाठी तसली करते.

आई तिच्याशी गोड बोलली असे आम्हांला आठवत नाही. आम्ही तेव्हा बावीस वर्षांचे होतो, नुकतेच नोकरीला लागलो होतो, आणि घरातील ख्रिस्ती शिकवणुकीचा आम्हांला फार अभिमान होता. एकदा आम्ही आईला विचारले, "तुला तिच्याबद्दल प्रेम वाटते का?" आई भांडी घाशीत होती. म्हणाली, "नाही रे. पण जेवायला वेळेवर मिळालं पाहिजे तिला. म्हातारी आहे." आम्हांला हे उत्तर अगदीच तोकडे वाटले. देवळात आम्ही याहून पुष्कळ उंच गोष्टी ऐकल्या होत्या.

आत्याला मिश्रीचे व्यसन होते. आमच्या घरात तंबाखू निषिद्ध. वडिलांनी पाळकांपुढे तसे वचन दिले होते. आत्या आल्यावर पहिले चारसहा दिवस तिची पुडी पुरली, मग ती सैरभैर झाली. शनिवारी दुपारी आम्ही घरी आलो तर घरभर धूर. आई जुन्या तव्यावर तंबाखू भाजीत होती, पदर नाकाला लावून, खोकत. भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून तिने ती एका डबीत भरली आणि आत्याच्या उशाशी ठेवली. आम्ही तत्त्वाची गोष्ट काढली, तेव्हा आईने एवढेच सांगितले की साठ वर्षांची सवय दुष्काळात मोडायला सांगू नये. त्यानंतर दर शनिवारी मिश्री भाजणे हे आईचे काम झाले. हे कोणी तिला करायला सांगितले नव्हते, आत्यानेसुद्धा नाही. आत्या फक्त म्हणे, "कच्ची भाजली."

इथे आम्हांला ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनातील एक वचन आठवते. कोणी तुला वेठीस धरून एक कोस नेले तर त्याच्याबरोबर दोन कोस जा, असा त्याचा आशय. मूळ शब्द रोमन मैलाचा आहे, हजार दुहेरी पावलांचा, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर. मराठी भाषांतरकारांनी आपल्या रस्त्यावरचा 'कोस' घातला, जरी आपला कोस त्याहून लांब. परंतु त्यांनी 'वेठ' हा जो शब्द घातला तो किती नेमका पडला आहे! मूळ ग्रीक क्रियापद इराणी बादशहाच्या डाकव्यवस्थेशी संबंधित शब्दावरून आले. सरकारी कामासाठी रस्त्यावरच्या माणसाला, त्याच्या जनावराला धरून राबवायचे, असा त्याचा अर्थ झाला. ख्रिस्ताच्या काळी पॅलेस्टाइनमध्ये रोमन शिपाई हे करीत. पुढे ख्रिस्ताचा वधस्तंभ वाहण्यासाठी शिपायांनी शिमोन नावाच्या कुरेनेकर वाटसरूला धरले, तिथेही शुभवर्तमानकाराने हेच क्रियापद वापरले आहे. वेठ म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. आपल्या राज्यघटनेच्या 23 व्या अनुच्छेदाला बिगारीस बंदी करावी लागली, आणि वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा त्यानंतरही 1976 साली करावा लागला, इतकी ती इथे मुरलेली होती. आणि भाषेत तर ती अजूनही आहे: मन नसताना उरकलेल्या कामाला आपण वेठ मारली असे म्हणतो.

तर पहिला कोस वेठीचा. तो शिपायाच्या हुकमाने चालायचा असतो आणि त्यात आपले काही पुण्य नाही. नणंद दारात आली, तिला घरात घेणे भागच होते. समाज काय म्हणेल, नवरा काय म्हणेल. तो आईचा पहिला कोस. मिश्री भाजणे हा दुसरा. पहिल्या कोसाच्या दगडापाशी शिपाई ओझे परत घ्यायला हात पुढे करतो, आणि हा माणूस म्हणतो, चला, अजून थोडे नेतो. त्या क्षणी हुकूम करणारा कोण आणि वाहणारा कोण, याचा त्या शिपायाच्या डोक्यात काय गोंधळ उडत असेल, याचे आम्हांला नेहमी कुतूहल वाटते.

इथे एक धोका आहे, आणि तो न सांगता पुढे जाणे हा अप्रामाणिकपणा होईल. दुसऱ्या कोसाचा उपदेश ओझे घालणाऱ्याने वाहणाऱ्याला करायचा नसतो. दारुड्याच्या बायकोला, मार खाणाऱ्या सुनेला, पगार थकलेल्या गड्याला 'प्रीती सर्व काही सोसते' असे सांगणारे उपदेशक आम्ही पाहिले आहेत. हा ख्रिस्ताच्या नावाने केलेला लबाडीचा व्यवहार आहे. खुद्द ख्रिस्ताला प्रमुख याजकापुढे उभे केले असता एका शिपायाने चपराक मारली. तेव्हा त्याने निमूटपणे दुसरा गाल पुढे केला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, नाही तर मला का मारतोस, असे त्याने त्या शिपायाला विचारले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात हा प्रसंग आहे. आमचे पुष्कळ उपदेशक तो वाचायचे विसरतात.

आईही विसरली नव्हती. ताई सुट्टीवर घरी आली असताना आत्याने तिच्या नोकरीवरून तोंड सोडले. आई ताट वाढीत होती. तिने ताट खाली ठेवले आणि म्हणाली, "आक्का, मला काय म्हणायचं ते म्हणा. लेकीला बोललात तर जेवण मिळेल तुम्हांला, पण वाढायला मी येणार नाही. हा वाढील." हा म्हणजे आम्ही. आणि त्या संध्याकाळी खरोखर आम्हीच वाढले. जेवण तेवढेच, वेळही तीच. आईने शिक्षा केली, पण उपाशी ठेवले नाही. ताई असेतोवर आत्या गप्प राहिली.

याहून मोठ्या घरातले उदाहरण हवे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचे घ्यावे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या भाषेचे थोर कवी आणि ख्रिस्ताचे निस्सीम भक्त. तेच घरात किती अवघड होते, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको. रागीट, लहरी, हातात आलेला पैसा पहिल्या याचकाला देऊन मोकळे होणारे. 1895 साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला तो बायकोला सोबत न घेता. आणि त्याचा भोग तिने काही वर्षे नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने, लहान मुलाला घेऊन काढला. पुढे ती त्यांच्याकडे नगरला आली तीही स्वतःचे सोवळे सांभाळून, वेगळी चूल मांडून. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ती झाली नाही. 1900 साली झाली, ती स्वतःच्या विचाराने.

सबंध मानवजातीवर प्रेम करणारा माणूस घरातल्या एका माणसाला किती दुखवू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हांला ठाऊक नाही. लांबच्या हजारांवर प्रेम करणे सोपे असते. ते हजार आपल्या न्हाणीघराबाहेर रांग लावीत नाहीत. पण लक्ष्मीबाईंनी त्याची खतावणी केली का? पुस्तक 1934 पासून भागांनी प्रसिद्ध होऊ लागले, टिळकांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. हिशेब चुकता करायला याहून सोयीची वेळ कोणती? बाईंनी नवऱ्याचा एकही दोष लपवला नाही, आणि तरीही वाचणाऱ्याला तो माणूस आवडून जातो. ही किमया त्यांच्या हसण्याची आहे. त्या नवऱ्याला हसतात तशाच स्वतःलाही हसतात, आणि आमच्या समजुतीप्रमाणे अवघड माणसाबरोबर राहण्याचे निम्मे बळ या दुसऱ्या हसण्यात असते. आपणही कोणाच्या तरी वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड असतो. आमच्या चिटणिसांच्या वरचे बिऱ्हाड आज कुठे दुसऱ्या गावी व्याख्यान ऐकत बसले असेल, तर कोणाचे नाव मनात आणून ऐकत असेल, हे सांगता येत नाही.

आमचीही पाळी आली. 1973 च्या उन्हाळ्यात आई विषमज्वराने तीन आठवडे अंथरुणाला खिळली. वडील शाळेत, ताई दूर. आत्याचे करणे आमच्याकडे आले. आम्ही ते चोख केले: वेळेवर चहा, वेळेवर भाकरी. शनिवारी मिश्रीसुद्धा भाजली, जळली तरी भाजली. आम्ही तिच्याशी एक वावगा शब्द बोललो नाही. किंबहुना एकही शब्द बोललो नाही, आणि हे आमच्या मते फार मोठे संयमाचे लक्षण होते. दहाबारा दिवसांनी आत्या म्हणाली, "तुझी आई मला कधीकधी फाडून बोलते. पण ताट ठेवताना आवाज करीत नाही. तू बोलत काही नाहीस, आणि ताट आपटतोस."

बंधुभगिनींनो, आम्ही त्यानंतर ख्रिस्ती प्रीतीवर पुष्कळ ग्रंथ वाचले. त्या वाक्याइतके नेमके कोणत्याही ग्रंथात सापडले नाही. आणि ते बोलली कोण, तर आत्या! तिला आमची वेठ बरोबर ऐकू येत होती. तितक्याच बरोबर तिला आईचा दुसरा कोसही ऐकू येत होता, वर्षभर, रोज दोन वेळा. आणि त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ताट हळू ठेवू लागलो. मनातला राग तसाच होता. हात तेवढा सावकाश झाला. काही दिवसांनी ती काय म्हणते हे ऐकायला आम्ही दोन मिनिटे उभेही राहू लागलो, आणि तिच्या बोलण्यात तक्रारींच्या मधेमधे गावच्या विहिरीच्या, बैलांच्या, अकाली गेलेल्या नवऱ्याच्या गोष्टी निघू लागल्या. सोळाव्या वर्षी ती विधवा झाली होती, हे आम्हांला बावीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते. कारण आम्ही विचारले नव्हते. यामुळे तिने ताईचे केले ते बरे ठरत नाही. आम्हांला ते आजही बरे वाटत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस पडला तरी आत्या गावी परत गेली नाही. आणखी चार वर्षे ती आमच्या पडवीत राहिली. फार सुधारली असे म्हणता येणार नाही. शेवटच्या आठवड्यात भेटायला आलेल्या बायकांनाही तिने मिश्री कच्ची असते हे सांगितले. आईने ते ऐकले आणि पदराआड हसली. आभाराचा शब्द आईला मिळाला नाही, आणि तिने त्याची वाट पाहिली असेही आम्हांला दिसले नाही.

मातीला ताई आली नाही. आईने तिला तार केली होती, पण ये असे त्यात लिहिले नव्हते. नातलगांनी तोंडे वाकडी केली. 'तुमच्याकडे तर क्षमा सांगतात ना' असे एका शेजाऱ्यांनी आम्हांला विचारलेही. तेव्हा आम्हांला त्यांना उत्तर देता आले नाही.

या व्याख्यानाची तयारी करताना आम्ही ताईला दूरध्वनी केला, तिची गोष्ट सभेत सांगू का म्हणून विचारायला. ती आता ऐंशीच्या जवळ आहे. आयुष्यभर रोग्यांची सेवा करून निवृत्त झाली, आणि त्यांत कितीतरी अवघड माणसे तिने सांभाळली असतील. ती म्हणाली, "सांग. पण मी माफ केलं असं सांगू नकोस. आईने केलं ते आईचं. मला अजून जमलेलं नाही, आणि जमल्यासारखं मी दाखवणार नाही." थोड्या वेळाने तिने विचारले, आत्याची ती मिश्रीची डबी कुठे आहे? आमच्याकडेच आहे असे आम्ही सांगितले. त्यावर ती काही बोलली नाही. आम्ही तिला आजच्या सभेला बोलावले होते. ती म्हणाली, छापून आले की पाठव, वाचीन.